सेकंड बेसवरचा वैमानिक

सॅन डिएगो शहरातल्या पेटको पार्क या बेसबॉलच्या मैदानात एक पुतळा आहे. पुतळा बेसबॉल खेळाडूचा, पण अंगावर पोशाख लढाऊ वैमानिकाचा. मुलाकडे राहायला गेलो होतो, तेव्हा नातू मला हौसेने सामना दाखवायला घेऊन गेला. "आजोबा, हे जेरी कोलमन. पॅड्रेसच्या मॅचेस रेडिओवर सांगायचे," त्याने ओळख करून दिली. मग हे विमानात बसायला का निघालेत, असं मी विचारलं. त्याला सांगता येईना. सामना सुरू होत होता, त्यामुळे विषय तिथेच राहिला.

जेरी कोलमन हे नाव मला अगदीच अनोळखी नव्हतं. खेळांच्या समालोचनातल्या फजित्या टिपून ठेवायचा मला जुना नाद आहे. त्या माझ्या वहीत सर्वांत जास्त जागा याच माणसाने अडवली आहे. अमेरिकेत त्याच्या बोलण्यातल्या घसरगुंडीला त्याच्याच नावावरून वेगळा शब्द पडला: 'कोलमनिझम'. त्यातली सर्वांत गाजलेली अशी. पॅड्रेसचा डेव्ह विनफिल्ड उंच गेलेल्या चेंडूमागे भिंतीपर्यंत धावतो, त्याचं डोकं भिंतीवर आपटतं, आणि कोलमन श्रोत्यांना सांगतो की ते आता घरंगळत थेट सेकंड बेसपर्यंत चाललंय. घरंगळत होता अर्थातच चेंडू. पण इंग्रजीत निर्जीव वस्तूंना एकच सर्वनाम असल्यामुळे डोकं आणि चेंडू यांची गल्लत झाली. मराठीत हा विनोद होणारच नाही. आपल्याकडे चेंडू 'तो' आणि डोकं 'ते', तेव्हा समालोचकाला व्याकरणानेच वाचवलं असतं. आणखी एकदा त्याने उभ्या उभ्या दुसरा बेस गाठणाऱ्या खेळाडूला त्याच वाक्यात घसरत नेलं. अशी शेकडो वाक्यं त्याच्या नावावर आहेत. काही खरी, काही त्याच्या नावावर खपवलेली. आपल्याकडे एखाद्या विनोदी माणसाच्या नावावर जसे सगळ्या गावाचे किस्से जमा होतात, तसंच.

पुतळा पाहिला नसता तर माझ्या लेखी कोलमन त्या वहीतच राहिला असता. परत आल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. २००८ साली त्याचं आत्मचरित्र आलं. त्याच्या उपशीर्षकात त्याने आयुष्याचे तीन भाग पाडले आहेत: मैदानावरचा, आकाशातला आणि आकाशवाणीवरचा. इंग्रजीत शेवटच्या दोन शब्दप्रयोगांत एका शब्दयोगी अव्ययाचाच काय तो फरक आहे. मराठीतही तो जवळजवळ तसाच साधतो, ही गंमत.

जेराल्ड फ्रान्सिस कोलमनचा जन्म १४ सप्टेंबर १९२४ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा. वाढला सॅन फ्रान्सिस्कोत. त्या शहरातून त्या काळात न्यूयॉर्क यांकीजला खेळाडू मिळत असत, आणि त्यांतला सर्वांत मोठा होता ज्यो डिमॅजिओ. १९४२ साली यांकीजने सतरा वर्षांच्या कोलमनशी करार केला आणि त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या वेल्सव्हिल गावी, अगदी खालच्या पायरीवरच्या संघात खेळायला पाठवलं. हंगाम संपला आणि सप्टेंबरात त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली. पर्ल हार्बरला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणात दाखल होण्यासाठी त्याला एवढ्या वयाचीच प्रतीक्षा होती.

प्रशिक्षण संपवून तो मरीन कोरमध्ये गेला आणि 'डॉन्टलेस' नावाचं बॉम्बफेकी विमान चालवू लागला. उंचावरून लक्ष्याच्या दिशेने जवळजवळ सरळ खाली सूर मारायचा, बॉम्ब सोडायचा आणि जमीन जवळ येण्याआधी नाक वर उचलायचं, हे त्या विमानाचं काम. मागच्या आसनावर एक तोफची, पुढे वैमानिक. सॉलोमन बेटं आणि नंतर फिलिपिन्स इथे कोलमनने अशा ५७ मोहिमा केल्या. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्या वयात बेसबॉलचे होतकरू खेळाडू दुय्यम संघांतून बसने गावोगाव फिरत असतात.

१९४६ मध्ये तो खेळाकडे परतला. तीन वर्षं यांकीजच्या दुय्यम संघांत काढली आणि १९४९ साली मुख्य संघात आला. केसी स्टेंगल हा नवा व्यवस्थापकही त्याच वर्षी आला होता. कोलमनची जागा ठरली सेकंड बेसमनची.

या जागेबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. बेसबॉलमध्ये एकाच फटक्यावर दोन गडी बाद करण्याला 'डबल प्ले' म्हणतात. पहिल्या बेसवर एक धावपटू उभा आहे. फलंदाजाने चेंडू जमिनीलगत शॉर्टस्टॉपकडे मारला. शॉर्टस्टॉप तो उचलून सेकंड बेसकडे फेकतो. तिथे धावत आलेल्या सेकंड बेसमनने चेंडू झेलायचा, बेसला पाय लावून पहिल्या धावपटूला बाद करायचं आणि अंग वळवून पहिल्या बेसकडे फेकायचं, म्हणजे दुसराही बाद. हे सगळं क्षणार्धात, आणि तेही पहिला धावपटू त्याच्या पायांच्या रोखाने घसरत येत असताना. धावपटूकडे पाहायला वेळ नसतो. तो किती अंतरावर आलाय हे डोळ्याच्या कोपऱ्यातून अजमावायचं आणि उडी मारायची. फलंदाजाच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या एकनाथ सोलकरला जे धाडस लागत होतं, त्याच जातीचं हे काम. कोलमन ते नर्तकासारखं करतो असं त्या वेळचे लोक म्हणत. शॉर्टस्टॉपला त्याचा जोडीदार होता फिल रिझुटो.

१९४९ चा हंगाम शेवटच्या दिवसावर आला तेव्हा यांकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स बरोबरीत होते आणि शेवटचा सामना त्यांच्यातच होता. जिंकेल तो विजेता. २ ऑक्टोबरचा दिवस, न्यूयॉर्क. आठव्या डावात यांकीज २-० ने पुढे, तिन्ही बेसवर माणसं आणि कोलमन फलंदाजीला. त्याचा फटका धड बसलाच नाही. चेंडू उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाच्या थोडा पुढे अलगद पडला. त्याने सूर मारला, पण चेंडू हाताला लागला नाही आणि तिन्ही धावपटू घरी आले. पुढच्या डावात बॉस्टनने तीन धावा काढल्या, म्हणजे त्या चुकलेल्या फटक्याने हंगामाचा निकाल लावला. सामना ५-३ असा संपला. त्या दिवशी समोरच्या संघात टेड विल्यम्स होता, हे लक्षात ठेवा. असोसिएटेड प्रेसने कोलमनला त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरवलं. पुढच्या वर्षी, १९५० मध्ये, तो सगळे सामने म्हणता येतील इतके, १५३ खेळला. वर्ल्ड सीरीजमध्ये यांकीजने फिलाडेल्फियाला चार सामन्यांत सरळ हरवलं, त्यातल्या पहिल्या सामन्यातली एकमेव धाव आणि तिसऱ्यातली निर्णायक धाव कोलमनच्या फटक्यावर आली. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

आता नोंदवही उघडू. बेसबॉलवाले आकड्यांच्या बाबतीत क्रिकेटवाल्यांहूनही कडवे, त्यामुळे कोलमनचा प्रत्येक हंगाम तिथे एकेका ओळीत मांडलेला आहे. १९५१: १२१ सामने. १९५२: ११ सामने, सरासरी ०.४०५. १९५३: ८ सामने, सरासरी ०.२००. १९५४: १०७ सामने, सरासरी ०.२१७. ज्याला बाकीची हकीकत माहीत नाही, त्याला वाटेल की एक बरा खेळाडू दुखापतीने कोलमडला. (०.४०५ म्हणजे हजार वेळा फलंदाजी केली तर ४०५ सुरक्षित फटके. ०.३०० झाली तरी खेळाडूची छाती फुगते.)

झालं होतं असं की जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि मरीन कोरला वैमानिक कमी पडू लागले. नवा वैमानिक घडवायला वेळ लागतो. राखीव यादीत मागच्या युद्धातले तयार वैमानिक होते, आता ते तिशीकडे झुकलेले, संसार थाटलेले, नोकरीधंद्याला लागलेले. त्यांना बोलावणं गेलं. कोलमन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. १९५२ च्या हंगामात अकरा सामने झाले आणि त्याने गणवेश बदलला. त्याच वसंतात टेड विल्यम्सलाही बोलावलं. विल्यम्स दुसऱ्या महायुद्धातही वैमानिक होता, पण तेव्हा त्याची नेमणूक प्रशिक्षक म्हणून असल्याने प्रत्यक्ष लढाईत गेला नव्हता. त्यामुळे दोन्ही युद्धांत प्रत्यक्ष लढाईत उतरलेला मेजर लीग खेळाडू एकच, आणि तो कोलमन. १९५३ च्या सुरुवातीला ते दोघेही कोरियाच्या आकाशात होते. विल्यम्स जेट विमानात, कोलमन पंख्याच्या जुन्या 'कॉर्सेअर'मध्ये.

कोरियात त्याने ६३ मोहिमा केल्या. आधीच्या ५७ धरून १२०. यांपैकी दोन प्रसंगांचा उल्लेख त्याच्या चरित्रात पुन्हा पुन्हा येतो. एकदा बॉम्ब भरलेलं विमान धावपट्टीवरून उठता उठता इंजिनाने दगा दिला. विमान उलटलं. बॉम्ब फुटले नाहीत, पण उलट्या लटकलेल्या कोलमनच्या गळ्याला हेल्मेटच्या पट्ट्याचा फास बसला. तो सोडवला गेला म्हणून वाचला. दुसऱ्या प्रसंगात त्याच्या तंबूत राहणारा मित्र त्याच्या डोळ्यांदेखत विमानासह कोसळला. पहिला प्रसंग तो पुढे थोडाफार विनोदाच्या अंगाने सांगत असे. दुसरा सांगताना त्याचा आवाज बदले, असं ऐकणारे सांगतात.

१९५३ च्या सप्टेंबरात तो परत आला. यांकीज त्याच्यावाचूनही वर्ल्ड सीरीज जिंकत होते. ५२ ची जिंकली, ५३ चीही जिंकली. दुसऱ्या बेसवर बिली मार्टिन रुळला होता. आणि कोलमनच्या ध्यानात आलं की चेंडूचं अंतर त्याला पूर्वीसारखं कळत नाही. डॉक्टरांनी तपासलं. डोळ्यांची अंतर जोखण्याची शक्ती बिघडली होती. सेकंड बेसमनजवळ दुसरं काही नसलं तरी चालेल, पण हे हवंच. मला या माणसाच्या कारकिर्दीतली ही सर्वांत क्रूर गोष्ट वाटते. जखम नाही, प्लॅस्टर नाही, कुणाला दाखवता येईल असं काही नाही. नुसतं झेलायला अर्ध्या क्षणाचा उशीर, आणि १९५४ ची ०.२१७ ची ओळ. १९५५ मध्ये त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. तरी तो टिकून राहिला. १९५७ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये, मिलवॉकीविरुद्ध हरलेल्या मालिकेत, ०.३६४ च्या सरासरीने खेळला आणि निवृत्त झाला. एकूण ७२३ सामने, सरासरी ०.२६३.

हे वाचताना मला सारखे आपले हेमू अधिकारी आठवत होते. तेही लेफ्टनंट कर्नल. जन्म पुण्याचा, १९१९ चा. रणजीत १९३६-३७ मध्येच आले, पण मध्ये महायुद्ध पडलं आणि पहिली कसोटी खेळायला १९४७ चं ब्रिस्बेन उजाडलं. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. कसोट्या २१. १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच सामन्यात कप्तान झाले. पुढे १९७१ च्या इंग्लंडविजयात संघाचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी खेळाडूंकडून करून घेतलेली क्षेत्ररक्षणाची मेहनत जुन्या लोकांना अजून आठवते. त्यांची धावसंख्या वाचून त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही. कोलमनचंही तेच. फरक इतकाच की अधिकाऱ्यांना दुसरी संधी शिस्तीच्या शिबिरांत मिळाली आणि कोलमनला ती बोलण्यात मिळाली.

सुरुवातीला तो यांकीजच्या कार्यालयात खेळाडू पारखण्याचं काम बघत होता. १९६० मध्ये सीबीएस वाहिनीने त्याला सामन्याआधीच्या मुलाखती घ्यायला बोलावलं. एकदा तो कुकी लावाजेटो या व्यवस्थापकाची मुलाखत घेत असताना मैदानावर राष्ट्रगीत सुरू झालं. काय करावं हे नवशिक्या कोलमनला कळलं नाही. प्रक्षेपण चालू आहे, थांबायचं कसं? तो बोलत राहिला. वाहिनीकडे संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. ही नोकरी तेव्हाच जायची, पण कशीबशी टिकली. पत्र लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की ज्याला आपण राष्ट्राचा अपमान केला म्हणतोय त्याच्याकडे १२० मोहिमा, दोन डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस आणि तेरा एअर मेडल आहेत? त्या खुलाशाचा आधार घेऊन त्याने स्वतःचा बचाव केल्याचं माझ्या वाचनात कुठेही आलं नाही. पुढे आयुष्यभर राष्ट्रगीताची सुरावट कानावर पडली की आपण बोलणं बंद करतो, मग ते कुठेही असो, एवढंच तो हसत सांगे.

१९६३ पासून सात वर्षं तो यांकीजच्या सामन्यांचं समालोचन करत होता. शेजारच्या खुर्च्यांवर मेल अॅलन आणि रेड बार्बर असे त्या कलेतले दोन दिग्गज, आणि जुना जोडीदार रिझुटो. म्हणजे डबल प्लेची जोडी पुन्हा एकत्र, या वेळी काचेमागे. बार्बर समोर अंडी उकडताना वापरतात तसं वाळूचं घड्याळ ठेवत असे. दर तीन मिनिटांनी ते उलटायचं आणि धावसंख्या सांगायची, कारण कुणीतरी नुकताच रेडिओ लावलेला असतो. १४ मे १९६७ रोजी मिकी मँटलने पाचशेवा होमरन मारला, तो क्षण रेडिओवर कोलमनने सांगितला. मँटल त्याचा संघसोबती होता.

१९७२ मध्ये तो सॅन डिएगो पॅड्रेसकडे आला आणि तिथेच राहिला. संघ सुमार होता, वर्षानुवर्षं हरत होता. मालक रे क्रॉक, मॅक्डॉनल्ड्सवाले. संघ घेतल्या घेतल्या, १९७४ मध्ये, स्वतःच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि आपल्याच खेळाडूंच्या खेळाला हजारो प्रेक्षकांसमोर मूर्खपणाचा म्हटलं. अशा घरात कोलमनला रोज संध्याकाळी श्रोत्यांना रिझवायचं होतं. कुणी झकास झेल घेतला की तो म्हणे, याला एक तारा टांगा! आणि समालोचनाच्या खोलीतून काठीला बांधलेला सोनेरी तारा खरोखरच बाहेर लटकवला जाई. घसरलेली वाक्यंही याच काळातली.

ती वाक्यं का घसरत, याबद्दल माझा एक तर्क आहे. उलट्या विमानात लटकलेल्या माणसाला व्याकरणाची काय भीती, असं म्हणायचा मोह होतो, पण ते मला पटत नाही. राष्ट्रगीताची चूक त्याला जन्मभर बोचली. खरी गोष्ट वेगळी असावी. लहानपणी आमच्याकडे बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन सुरू झालं की घरातलं बोलणं बंद होई. पंडित स्वतः रणजी खेळलेले. चेंडू बॅटवरून सुटता सुटता तो कुठे जाणार हे ते सांगून मोकळे होत, आणि त्यांच्या जिभेला डोळ्यांचा वेग गाठता येई. कोलमनचे डोळेही खेळाडूचेच होते. तो भिंत, विनफिल्ड, चेंडू, धावपटू असं सगळं एकाच वेळी पाहत होता आणि एकदम सांगू पाहत होता. जीभ मागे पडे, मधली दोन वाक्यं गळून जात आणि डोकं घरंगळत सेकंड बेसपर्यंत जाई. न पाहता तयार वाक्यं बोलणाऱ्याची अशी फजिती कधी होत नाही.

१९७९ च्या शेवटी पॅड्रेसने एक अजब निर्णय घेतला. समालोचकालाच संघाचा व्यवस्थापक केलं. कोलमनने त्याआधी कुठल्याही संघाला एक दिवसही शिकवलं नव्हतं. १९८० चा हंगाम: ७३ विजय, ८९ पराभव, सहा संघांत सहावा क्रमांक. नोकरी गेली. हा भाग चरित्रकार उरकून टाकतात, मला मात्र तो इतका टाकाऊ वाटत नाही. आधीच्या वर्षी याच संघाचे विजय ६८ होते. त्या हंगामात जीन रिचर्ड्स, ऑझी स्मिथ आणि जेरी मम्फ्री या तिघांनी प्रत्येकी पन्नासहून अधिक बेस चोरले, आणि स्मिथने शॉर्टस्टॉपच्या जागेवरून ६२१ वेळा फलंदाज बाद करायला हातभार लावून विक्रम केला. म्हणजे पळणं आणि चेंडू अडवणं, या दोन गोष्टी त्या संघाने पोटभर केल्या. त्या कोलमनच्याच होत्या. कमी पडलं ते माणसं हाताळणं. तो ज्या यांकीजमध्ये वाढला तिथे स्टेंगलने बाकावर बसवलं तर गुमान बसायचं असे. १९८० पर्यंत खेळाडूंना करार संपल्यावर दुसरीकडे जायचा हक्क मिळाला होता. विनफिल्डचं ते पॅड्रेसमधलं शेवटचं वर्ष होतं, आणि सगळ्यांना ते दिसत होतं.

पुढच्या वर्षी कोलमन मुकाट्याने पुन्हा रेडिओच्या खुर्चीत जाऊन बसला. ज्या खेळाडूंनी त्याला हरवलं होतं, त्यांचेच झेल तो आता रंगवून सांगू लागला. व्यवस्थापकपदावरून काढलेला माणूस त्याच संघाचं कौतुक करत पुढची तीस-बत्तीस वर्षं बसतो, हे दृश्य मला दुसरीकडे आढळलेलं नाही. १९८४ आणि १९९८ मध्ये पॅड्रेस वर्ल्ड सीरीजमध्ये पोचले, ते त्याने सांगितलं. २००५ मध्ये कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमने समालोचकांसाठीचा फोर्ड फ्रिक पुरस्कार त्याला दिला. खेळाडू म्हणून त्याला तिथे जागा मिळणं शक्य नव्हतं. ७२३ सामन्यांत ते होत नसतं.

युद्धाबद्दल तो मायक्रोफोनवर क्वचित बोलला. विचारलं तर सांगे की आयुष्यातलं महत्त्वाचं काम तेच, बेसबॉल नव्हे. आणि कुणी वीर म्हटलं की लगेच दुरुस्ती करी: वीर ते, जे परत आले नाहीत. मग २०१२ च्या सप्टेंबरात पुतळा बसवला तेव्हा त्याला वैमानिकाच्या पोशाखात उभं केलं, हे बरंच झालं.

त्यानंतरही एक हंगाम तो बोलत होता. ५ जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, तो गेला. सॅन डिएगोच्या मिरामार इथल्या सैनिकी दफनभूमीत त्याला ठेवलं आहे. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मी नातवाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "१९५२ मध्ये बोलावलं नसतं, तर ते ०.४०५ वर्षभर टिकलं असतं?" नसतं टिकलं, मी म्हणालो. अकरा सामन्यांची सरासरी कुणाचीच टिकत नाही. पण त्याला ते पटलं नाही. फोन काढून तो उरलेल्या सामन्यांचा हिशोब करत बसला.